पुलाची नाडी काचेत

पुलावर ‘स्मार्ट सेन्सर’ बसवल्याची बातमी अधूनमधून येते. फोटोत एक डबा आणि त्यातून निघालेली पिवळी वायर. वाचणाऱ्याला वाटतं, मोजमाप डबा करतो. डबा फक्त प्रकाश सोडतो आणि परत आलेला वाचतो. ताण जाणवतो तो वायरीतल्या काचेला, पुलाला चिकटवलेल्या 125 मायक्रॉन जाडीच्या तंतूला.

हे जमतं कसं, याची सुरुवात 1978 साली कॅनडातल्या ओटावात झाली. संशोधक केनेथ हिल आणि सहकारी जर्मेनियम मिसळलेल्या काचतंतूत आर्गन लेझरचा प्रकाश सोडत होते. काही मिनिटांत परत येणारा प्रकाश आपोआप वाढू लागला. जाणारी लाट आणि टोकावरून परतलेली लाट एकमेकींत मिसळून तंतूत उजेड-अंधाराचे स्थिर पट्टे तयार झाले होते. उजेडाच्या जागी काचेचा अपवर्तनांक, म्हणजे काच प्रकाशाचा वेग किती कमी करते त्याचं माप, कायमचा किंचित वाढला. असा प्रत्येक पट्टा थोडा प्रकाश मागे फेकतो. त्यामुळे लाट बळावते, पट्टे आणखी ठळक होतात. प्रकाशाने स्वतःचाच आरसा कोरला! याला म्हणतात फायबर ब्रॅग ग्रेटिंग. 1989पासून हे पट्टे बाजूने अतिनील किरण टाकून, हव्या त्या अंतरावर कोरता येऊ लागले.

पट्ट्यांमधलं अंतर गुणिले अपवर्तनांक गुणिले दोन: नेमकी तेवढीच तरंगलांबी परतते, बाकी प्रकाश पुढे निघून जातो. 1550 नॅनोमीटरसाठी अंतर सुमारे 535 नॅनोमीटर. तंतू ताणला की अंतर वाढतं. मीटरमागे एक मायक्रॉन ताणला, तर साध्या त्रैराशिकाने तरंगलांबी 1.55 पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग) सरकायला हवी. सरकते सुमारे 1.2, कारण ताणलेल्या काचेचा अपवर्तनांक घटतो. मोजायची असते तरंगलांबी, प्रकाशाची तीव्रता नव्हे. म्हणून वायर थोडी वाकली, जोडावर धूळ बसली आणि प्रकाश मंदावला, तरी आकडा तोच राहतो.

खरी डोकेदुखी तापमानाची. एका अंशाला तरंगलांबी सुमारे 10 पिकोमीटर सरकते. त्यात काचेच्या प्रसरणाचा वाटा एक पिकोमीटरही नाही; बाकी सगळी करामत पुन्हा अपवर्तनांकाची. म्हणजे दुपारी पारा 15 अंश चढला, तर पुलावर एकही ट्रक नसताना सव्वाशे मायक्रोस्ट्रेनचा, म्हणजे मीटरमागे सव्वाशे मायक्रॉनचा ताण ‘दिसतो’. उपाय साधा: शेजारीच दुसरं ग्रेटिंग न चिकटवता मोकळं सोडायचं. त्याला फक्त तापमान कळतं; ते वजा करायचं. अर्थात, उन्हाने काँक्रीट स्वतः फुगतं, तो हिशेब वेगळा.

पुलाच्या पायाला बळी लागतो, ही अफवा अजून मरत नाही. पुलाला लागते देखरेख. पण ‘एआय आता पूल पडण्याआधीच सांगेल’ हाही मला तसलाच भाबडेपणा वाटतो. ग्रेटिंगला कळतो तो स्वतःच्या सेंटीमीटरभर जागेतला ताण. चीर दोन मीटर पलीकडे असेल, तर त्याला तिचा पत्ताही नसेल. शिवाय तंतू गर्डरला धरून ठेवतो तो डिंक. डिंक सैल झाला, की गर्डर ताणला तरी काच आरामात पडून राहते आणि पडद्यावरचा आलेख छान सपाट दिसतो.