स्पीकरखालचा दगड: काम ग्रॅनाइटचं किती, रबराचं किती?

गोव्यात स्वयंपाकघराचा नवा ओटा बसवताना सिंकसाठी ग्रॅनाइट कापावा लागतो आणि तो कापलेला तुकडा पुढे वर्षानुवर्षं परसात भिंतीला टेकून उभा असतो. गाण्याचा नाद असलेल्या घरात मात्र त्याला लगेच जागा मिळते, ती स्पीकरखाली. दगड ठेवल्यापासून बेस घट्ट झाला, तबल्याचा डग्गा स्वच्छ ऐकू यायला लागला, असं सांगणारे म्हापशापासून मडगावपर्यंत भेटतात. त्यांना भास झाला असं मी म्हणणार नाही. फक्त त्यांचा स्पीकर कुठल्या जमिनीवर उभा होता, हे आधी विचारायला हवं.

वूफरचा (स्पीकरमधल्या बेस वाजवणाऱ्या भागाचा) कोन, म्हणजे पुढेमागे हलणारा पडदा, पुढे सरकला की स्पीकरची पेटी मागे ढकलली जाते. न्यूटनचा तिसरा नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो. साधारण साडेसहा इंची वूफरचा हलणारा भाग 15 ग्रॅमचा आणि पेटी 9 किलोची धरू. म्हणजे पेटी सहाशे पट जड. कोन 3 मिलिमीटर हलला, तर मोकळी सोडलेली पेटी हलेल 0.005 मिलिमीटर, म्हणजे 5 मायक्रॉन. 55 बाय 40 सेंटिमीटरचा, 2 सेंटिमीटर जाडीचा ग्रॅनाइटचा तुकडा साधारण 12 किलो भरतो. तो पेटीला घट्ट जोडला तर हेच 5 मायक्रॉन जवळपास 2 वर येतात. फरक खरा आहे. पण एवढ्याशा हालचालीतला हा फरक कानाला जाणवेल, अशी अपेक्षा मी ठेवणार नाही.

कानाला जाणवतं ते जमिनीचं हलणं. तंबोऱ्याची तार एकटी छेडली तर जेमतेम ऐकू येते. तिचं कंपन भोपळ्याला आणि त्यावरच्या लाकडी तबलीला मिळालं की खोली भरते. जुन्या दुमजली घरांत माडीवर वाश्यांवर ठोकलेल्या लाकडी फळ्या असतात, त्या स्पीकरसाठी नेमकं हेच काम करतात. हालचाल थोडी असली तरी क्षेत्रफळ मोठं, त्यामुळे फळ्या स्वतःच आवाज टाकतात आणि खालचे स्वर गढूळ होतात. अशा माडीवर दगडाचा गुण येतो. उलट तळमजल्यावर, भरावावर घातलेल्या मोझॅकच्या किंवा शहाबादी फरशीवर, जमीन मुळात हलतच नाही. तिथे दगडावर दगड ठेवून विशेष काही साधत नाही.

फ्लॅटचं गणित वेगळं. स्लॅबमधून कंपन खालच्या बिऱ्हाडात उतरतं आणि नुसता ग्रॅनाइट ते अडवत नाही, कारण कडक दगड कंपन सहज पुढे देतो. अडवायला मऊ थर लागतो, आणि दगडाची खरी गंमत इथेच आहे. वजन आणि त्याखालचं रबर मिळून एक स्प्रिंग तयार होते. तिची नैसर्गिक कंपनसंख्या, म्हणजे एक धक्का दिल्यावर ती सेकंदाला किती वेळा (किती हर्ट्झने) हलते, ती रबर किती दबलं यावरून काढता येते: 15.8 ला, दबलेल्या मिलिमीटरच्या वर्गमुळाने भागायचं. समजा 9 किलोच्या पेटीखाली रबर अर्धा मिलिमीटर दबलं, तर उत्तर 22 हर्ट्झ. त्याच रबरावर 12 किलोचा दगड आणि वर पेटी ठेवली की ते सव्वा मिलिमीटरच्या आसपास दबतं आणि कंपनसंख्या 15 पर्यंत उतरते. ही संख्या जितकी खाली, तितकी तिच्या वरच्या स्वरांची अडवणूक चांगली. आदर्श स्प्रिंग 15 हर्ट्झची असेल तर 60 हर्ट्झच्या कंपनाचा सुमारे पंधरावा हिस्साच खाली पोचतो. प्रत्यक्षातलं रबर इतकं आज्ञाधारक नसतं, पण दिशा हीच. म्हणजे अडवण्याचं काम रबर करतं, आणि त्याला पुरेसं दाबून ठेवण्याचं काम दगड.

यात एक धोका आहे. नैसर्गिक कंपनसंख्येच्या जवळपासचे स्वर स्प्रिंग अडवत नाही, उलट वाढवते. टणक, पातळ रबराचे बिल्ले लावले आणि ते 0.1 मिलिमीटरच दबले, तर ही संख्या 50 हर्ट्झवर जाते, म्हणजे ऐन बेसमध्ये. असे बिल्ले नसलेले बरे. विकत घेताना किमतीपेक्षा आपल्या वजनाखाली ते किती दबतात, हे बघावं. शिवाय हवेतून जाणारा बेस यातल्या कशानेच थांबत नाही. रात्री अकरानंतर खालच्या लोकांसाठी आवाज कमी करणं हाच उपाय.

ग्रॅनाइटचा आणखी एक स्वभाव आहे. तुकडा एका कोपऱ्यावर उभा करून वरून हलकेच धरा आणि मधोमध टिचकी मारा (पाय जपून, वजन बरंच असतं). टण्ण असा स्वर निघतो आणि रेंगाळतो, कारण ग्रॅनाइट कंपन स्वतःत फारसं जिरवत नाही. तोच तुकडा जाड फेल्टवर ठेवून टिचकी मारली तर नुसतं ठक्क. म्हणून दगड आणि पेटी यांच्यामध्येही फेल्ट किंवा कॉर्क हवा. आपला जांभ्याचा चिरा सच्छिद्र असल्याने असा वाजत नाही, पण त्याची लाल भुकटी झडत राहते, तेव्हा तो भिंतीतच शोभतो. फरशी थोडी वरखाली असेल तर दगडाखाली चारऐवजी तीन पॅड लावावेत. तीन टेकूंवर वस्तू डुगडुगत नाही. मात्र उंच टॉवर स्पीकर असेल आणि घरात लहान मूल असेल, तर चारच बरे.

आता पडताळणी. दगड सरकवताना स्पीकरही चार बोटं हलतो, थोडा उंच होतो, त्याचं तोंड किंचित वळतं. चार मीटर लांबीच्या खोलीत पहिला घुमणारा स्वर 43 हर्ट्झच्या आसपास असतो आणि स्पीकरची जागा बदलली की त्याचा जोर कमीजास्त होतो. पुष्कळदा कौतुक दगडाचं होतं आणि फरक जागेचा असतो. त्यामुळे आधी जागेवर पट्टीने खुणा कराव्यात. मग फोनवर जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं मोफत फायफॉक्स ॲप घ्यावं, फोन फरशीवर ठेवावा, 40 हर्ट्झचा स्वर लावून त्वरणाचा आलेख बघावा आणि दगड काढून, पुन्हा ठेवून, आवाजाचं बटण न हलवता तेच करावं. फरशीचं कंपन कमी झालं की नाही, ते समोर दिसतं.

पावसाळ्यातला एक फायदा मात्र तळमजल्यावरही मिळतो. जूनमध्ये फरशीला घाम सुटतो, आणि एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या) पेटीचा तळ ओल लागली की फुगतो. पॅडवर उचललेल्या दगडामुळे पेटी त्या ओलीपासून आणि पोछ्याच्या पाण्यापासून दूर राहते.

आणि घरात रेकॉर्ड प्लेयर असेल व दगड एकच असेल, तर तो स्पीकरला न देता प्लेयरखाली ठेवा. रेकॉर्डवरच्या खाचेतलं मायक्रॉनभराचं हलणं वाचणं हेच सुईचं काम, त्यामुळे जमिनीतून आलेलं कंपनही ती गाण्यासारखंच वाचते, ॲम्प्लिफायर ते मोठं करतो आणि स्पीकर ते परत जमिनीला देतो. हे चक्र जड दगड आणि त्याखालच्या मऊ पॅडने तुटतं. माडीवर कुणी चाललं की बसणारे पावलांचे संथ धक्के मात्र यानेही थांबत नाहीत, तेव्हा सुई उडी मारू शकते.