ड्रॅगनस्वार (पात्रवर्ग)

ड्रॅगनस्वार : मेजाभोवती बसून, फासे टाकत आणि बोलत खेळायच्या भूमिकाखेळांत ड्रॅगनवर मांड ठोकून लढणारे पात्र, तसेच असे पात्र घडवण्यासाठी खेळाडू निवडतो तो क्लास. या प्रकारातला पहिला प्रकाशित खेळ म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' (१९७४). त्याच्या पाचव्या आवृत्तीच्या खेळाडू-पुस्तकात (२०१४) बारा क्लास आहेत, पण खेळाच्या नावातच ड्रॅगन असूनही त्या बारांत ड्रॅगनस्वार नाही. त्यामुळे तीनचार वाटांपैकी एक धरावी लागते. प्रत्येक वाटेवर ड्रॅगन कोणाचा, खेळाडूचा की खेळ चालवणाऱ्या डीएमचा, या प्रश्नाचे उत्तर बदलते. निवडीचा सारा पेच या एका प्रश्नात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

संज्ञा : घोडेस्वार, सांडणीस्वार यांच्या चालीवर 'ड्रॅगनस्वार' हा शब्द सहज बनतो आणि कानाला खटकत नाही. मुंबईतल्या मराठी खेळाडूंच्या बोलण्यात मात्र 'ड्रॅगन रायडर' हेच चालते. 'क्लास'साठी 'वर्ग' म्हटले की शाळेची इयत्ता आठवते. 'पेशा' हा शब्द अर्थाला अधिक जवळचा आहे, पण मेजावर तो रुळलेला नाही. 'ड्रॅगन' हा शब्द ग्रीक 'द्राकोन'वरून लॅटिनमार्गे आला. 'द्राकोन'चा संबंध पाहणे या अर्थाच्या ग्रीक धातूशी जोडला जातो आणि संस्कृत 'दृश्' त्याच कुळातला आहे. बहुतेक कोशकार ही व्युत्पत्ती ग्राह्य मानतात, काही ती केवळ संभाव्य म्हणतात. ग्रीक कथांतला हा प्राणी सोनेरी लोकरीवर किंवा सोनेरी सफरचंदांवर डोळ्यांत तेल घालून पहारा करत असतो. आपल्याकडे पुरलेल्या धनावर नाग बसतो, तसाच. हे पाहता वरील व्युत्पत्ती पटण्याजोगी वाटते. 'ड्रेक' हे त्याच शब्दाचे इंग्रजीतले जुने रूप. खेळाच्या नियमांत मात्र दोघांत मोठे अंतर पडले आहे. ड्रॅगन हा बोलणारा, विचार करणारा, स्वतःचे मन असलेला जीव आहे. ड्रेक हा त्याचा धाकटा, मर्यादित बुद्धीचा भाऊबंद. पुढचे अर्धे वाद या फरकातून निघतात.

शिलेदार व बारगीर : मराठेशाहीच्या घोडदळात शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येई, तर बारगीराला घोडा सरकारातून मिळे. ड्रॅगनस्वाराच्या वाटांची विभागणी याच दोन शब्दांनी सर्वांत स्वच्छ होते. ज्या क्लासमध्ये वाहन हे क्लासच्याच सामर्थ्याचा भाग असते तो शिलेदारी मार्ग. जिथे ड्रॅगन हे डीएमच्या हातचे पात्र असते आणि कथेच्या ओघात स्वाराला पाठीवर घेते तो बारगिरी मार्ग. तुलना एका ठिकाणी उलटते. खऱ्या घोडदळात घोडा मेल्याचा फटका शिलेदाराला बसे. खेळात शिलेदाराचे वाहन पुन्हा बोलावता येते आणि बारगीराचा ड्रॅगन मेला की तो कायमचा गेला.

उगम : ड्रॅगनवर बसण्याची कल्पना किती जुनी, याबाबत एकमत नाही. ग्रीक कुंभचित्रांत मेडिया या जादूगारणीचा रथ सर्प ओढताना दिसतात. चिनी इतिहासकार सिमा छ्येन याच्या ग्रंथात (इ.स.पू. सुमारे १००) पीतसम्राट ड्रॅगनवर बसून स्वर्गाला जातो. यांपैकी कोणीही ड्रॅगनवरून लढत नाही. भारतीय परंपरेत देवांना वाहने आहेत आणि कार्तिकेय तर मोरावर बसलेला सेनापतीच आहे. पण तिथे वाहन देवाच्या स्वरूपाचा अंश मानले जाते, त्याची निवड करायची नसते. मराठी वाचकाला जवळचे उदाहरण चांगदेवांचे. वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन ते ज्ञानेश्वरांच्या भेटीला आले, अशी आख्यायिका आहे. हिंस्र प्राण्यावरची मांड ही स्वाराच्या अधिकाराची खूण असते, ही जाण तीत आहे आणि ज्ञानेश्वरांनी निर्जीव भिंत चालवून त्या खुणेला दिलेले उत्तरही. खेळातल्या ड्रॅगनस्वाराशी या कथेचा वंशसंबंध नाही. तरी मुंबईच्या मेजावर बसणाऱ्या मराठी मुलाने ड्रॅगनच्या आधी ऐकलेली ही गोष्ट आहे.

खेळापुरता खरा वाद विसाव्या शतकातला आहे. मायकेल मूरकॉक यांच्या 'द ड्रीमिंग सिटी' (१९६१) या कथेत एका प्राचीन नगरीचे ड्रॅगन-सरदार ड्रॅगनांवर बसून शत्रूच्या आरमारावर तुटून पडतात. ॲन मॅकॅफ्री यांची 'वेअर सर्च' ही दीर्घकथा ऑक्टोबर १९६७ मध्ये 'ॲनालॉग' मासिकात आली आणि १९६८ मध्ये तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. तीत अंड्यातून बाहेर पडताच पिल्लू आपला स्वार निवडते आणि दोघांची मने जन्मभरासाठी जोडली जातात. आज 'ड्रॅगन रायडर' म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांपुढे येते, ते बव्हंशी मॅकॅफ्री यांचे.

मग तेच खेळाचेही मूळ म्हणावे काय? खेळाच्या दोन जनकांपैकी एक, गॅरी गायगॅक्स यांनी १९७९ च्या डीएम-पुस्तकात 'परिशिष्ट एन' या नावाने आपल्या प्रेरणास्थानांची यादी दिली. तीत मूरकॉक आहेत, मॅकॅफ्री नाहीत. यावरून मॅकॅफ्री यांचा प्रभाव शून्य होता असा निष्कर्ष काढला जातो, तो घाईचा आहे. ती एका माणसाच्या वाचनाची यादी आहे. खेळ गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी घडवला. १९७४ च्या नियमांत मात्र जिवाभावाच्या नात्याचा मागमूस नाही, हे खरे. तिथे ड्रॅगनला ठार न मारता नमवता येते आणि नमवलेला ड्रॅगन, त्याच्या प्रत्येक प्राणांकामागे (किती इजा सोसेल ते सांगणारा आकडा) ५०० ते १,००० सुवर्णनाण्यांच्या दराने, बाजारात विकता येतो. हा व्यवहार पिल्लाने स्वार निवडण्यापेक्षा हत्ती धरून विकण्याच्या जवळचा आहे. त्याच संचाच्या तिसऱ्या पुस्तिकेत हवाई लढाईचे नियम आहेत आणि ते माइक कार यांच्या पहिल्या महायुद्धातील विमानांच्या खेळावरून घेतलेले आहेत. म्हणजे आकाशात ड्रॅगन वळवायचा कसा, हे खेळ विमानांकडून शिकला.

नात्याचा धागा ठळकपणे आला तो १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'ड्रॅगनलान्स' मालिकेतून. ट्रेसी हिकमन आणि मार्गारेट वाइस यांच्या त्या जगात ड्रॅगनवर बसून लढणारे भालाईत आहेत आणि चांगल्या पक्षाचे ड्रॅगन स्वाराचे साथीदार असतात. एकच उगम शोधण्यापेक्षा दोन प्रवाह मानणे सयुक्तिक ठरेल : नियमांचा प्रवाह १९७४ च्या नमवण्या-विकण्यातून आणि विमानांतून आला, भावनेचा प्रवाह मॅकॅफ्री यांच्यापासून. २००३ च्या 'ड्रॅकोनोमिकॉन' या पुस्तकात 'ड्रॅगनरायडर' हा पुढच्या टप्प्यावर घ्यायचा खास क्लास दिला गेला, तो तिसऱ्या आवृत्तीपुरता.

ड्रेकवॉर्डन : पाचव्या आवृत्तीतला शिलेदारी मार्ग. ऑक्टोबर २०२१ च्या 'फिझबान्स ट्रेझरी ऑफ ड्रॅगन्स' या पुस्तकात रेंजर (रानावनातला शिकारी लढवय्या) या क्लासची ही उपशाखा आहे. तिसऱ्या लेव्हलला (लेव्हल म्हणजे अनुभवाने चढत जाणारी पात्राची पायरी) रेंजर एक ड्रेक बोलावू शकतो. त्याचे प्राणांक पाच अधिक रेंजर-लेव्हलची पाचपट, म्हणजे तिसऱ्या लेव्हलला २० आणि पंधराव्याला ८०. तो पडला तर एक मंत्रस्लॉट (मंत्र टाकण्याची मोजकी संधी) खर्चून परत येतो. सुरुवातीला तो लहान आकाराचा असतो, बसण्याजोगा नाही. सातव्या लेव्हलला तो मध्यम आकाराचा होतो, त्याला पंख फुटतात आणि स्वार त्याच्यावर बसू शकतो. वाहन स्वारापेक्षा किमान एक आकार मोठे हवे हा सर्वसाधारण नियम, त्याला इथे मुद्दाम अपवाद केला आहे. पण स्वार पाठीवर असताना ड्रेकला उडता येत नाही. स्वारासह उड्डाण मिळते थेट पंधराव्या लेव्हलला. अनुभवगुणांच्या हिशेबात सातवी लेव्हल २३,००० वर आहे आणि पंधरावी १,६५,००० वर. हे अंतर ठाऊक नसल्याने नव्या खेळाडूचा जेवढा हिरमोड होतो, तेवढा दुसऱ्या कशानेही होत नसेल. "अरे, सातवीच लेव्हल आहे तुझी, बसलास तर उडणार नाही तो" हे वाक्य कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी सलग कथा) सुरू होण्याआधीच कोणीतरी बोललेले बरे.

या नियमात एक सांधा सुटलेला आहे. उड्डाणाची मनाई 'तुम्ही स्वार असताना' अशा शब्दांत आहे. अक्षरशः वाचल्यास सातव्या लेव्हलला रेंजर खाली उभा राहील आणि पार्टीतला, म्हणजे पात्रांच्या टोळीतला, हाफलिंगसारखा लहान चणीचा मित्र त्याच मध्यम आकाराच्या ड्रेकवर बसून उडेल; सर्वसाधारण नियमाला आकारही चालतो. काही डीएम हे मान्य करतात. मनाईचा हेतू लवकर उडणे रोखण्याचा असावा, म्हणून हेतूकडे पाहणारा अर्थ अधिक योग्य वाटतो. परंतु शब्द दुसऱ्या बाजूला आहेत, हे नोंदवले पाहिजे. लढाईत ड्रेक स्वतःहून बचावच करतो. हल्ला करवायचा तर रेंजरची बोनस ॲक्शन (पाळीत एकदाच मिळणारी जादा कृती) द्यावी लागते. दोन हातांत दोन शस्त्रे घेणाऱ्या किंवा 'हंटर्स मार्क' हा मंत्र वापरणाऱ्या रेंजरला त्यासाठीही तीच लागते, त्यामुळे त्याची ओढाताण होते. अकराव्या लेव्हलला मिळणारा ३० फुटी श्वासझोत (इजा आठ षट्फलकी फाशांची) या ओढाताणीची भरपाई करतो.

बारगिरी मार्ग : २०१४ चे नियम स्पष्ट सांगतात की ड्रॅगनसारखी बुद्धिमान वाहने स्वाराच्या ताब्यात राहत नाहीत, स्वतःच्या मनाने वागतात. ड्रॅगनची पाळी वेगळी, निर्णय वेगळा, आवाज डीएमचा. इथे क्लास निवडताना ड्रॅगन कसा मिळेल हा प्रश्न गैरलागू. मिळाल्यावर पाठीवर कोण टिकेल, हे पाहायचे. त्या दृष्टीने फायटर या शस्त्रधारी योद्ध्याच्या क्लासची कॅव्हेलियर ही उपशाखा (२०१७) सर्वांत भक्कम आहे. वाहनावरून पडण्याच्या परीक्षेत तिला दोन फासे टाकून वरचा घेता येतो आणि चढाउतरायला पाच फूट चालच लागते, एरवी निम्मी चाल जाते. पॅलाडिनला (व्रतस्थ योद्ध्याचा क्लास) तेराव्या लेव्हलला मंत्राने ग्रिफन (गरुडाचे डोके-पंख आणि सिंहाचे धड असलेला प्राणी) किंवा पंखवाला घोडा मिळतो, ड्रॅगन नव्हे. डीएमने संमती दिली तर त्याच आकड्यांना ड्रॅगनचे रूप चढवता येते. ड्रॅगनबॉर्न ही वंशजात आणि ड्रॅगन-रक्ताचा सॉर्सरर (उपजत जादूचा क्लास) हे दोन्ही नावामुळे फसवतात. त्यांच्यात ड्रॅगनचा अंश असतो, स्वारी नसते.

पाथफाइंडर या खेळाच्या पहिल्या आवृत्तीत समनर (२०१०) हा क्लास शिलेदारीला अधिक उदार आहे. त्याचा आयडोलॉन हा साथी गुणांक खर्चून घडवायचा असतो : पाठीवर बसू देण्याला एक गुणांक, पंखांना दोन, आणि पंख पाचव्या लेव्हलपासून. समनर लहान चणीचा असेल तर मध्यम आयडोलॉन पुरतो, म्हणजे पाचव्या लेव्हललाच उड्डाण. माणसाच्या आकाराच्या समनरला आयडोलॉन मोठा होण्यासाठी आठव्या लेव्हलपर्यंत थांबावे लागते. उडण्याची घाई असलेल्याने क्लासइतकाच पात्राच्या उंचीचा विचार करावा, तो यामुळे.

मुंबईतील खेळ : नियमपुस्तके इंग्रजीतून वाचली जातात, आकडे इंग्रजीत बोलले जातात आणि पात्रांचे संवाद मराठी, हिंदी, इंग्रजी असे सरमिसळ होतात. दिवस बहुधा रविवारचा आणि वेळ मेगाब्लॉक पाहून. २०२० च्या टाळेबंदीनंतर पडद्यावरचे मेजही अंगवळणी पडले आहे. बोरिवलीचा रेंजर आणि मुलुंडचा डीएम यांना एकत्र यायला त्यामुळे गाडी लागत नाही. पंधरावी लेव्हल गाठायला लागणारे रविवार मोजले तर ड्रेकवॉर्डनला दहाव्या-अकराव्या लेव्हलच्या सुमारास स्वारासह उडू देण्याची सवलत पहिल्याच बैठकीत ठरवून घेणे न्याय्य आहे.

फूट हे माप मुंबईकराला परके नाही, कारण घरे चौरस फुटांतच मोजली जातात. उंचीचा अंदाज मात्र चुकतो. ड्रेकची चाल दर फेरीला, म्हणजे सहा सेकंदांना, ४० फूट. राजाबाई टॉवर सुमारे २८० फूट उंच आहे; पायथ्यापासून शिखरापर्यंत ड्रेकला सात फेऱ्या लागतील. पडण्याची इजा दर दहा फुटांना एक षट्फलकी फासा, कमाल वीस फासे. गेटवे ऑफ इंडियाच्या माथ्यावरून (सुमारे ८५ फूट) पडल्यास आठ फासे, सरासरी २८. राजाबाई टॉवरवरून कमाल मर्यादा लागू होऊन सरासरी ७०. म्हणून सोंगटीची उंची सतत दिसती ठेवावी लागते. त्यासाठी सापशिडीचा साधा फासा सोंगटीशेजारी ठेवतात, एक ठिपका म्हणजे दहा फूट. साठ फुटांपर्यंत एक फासा पुरतो. राजाबाई टॉवरला पाच लागतात.