कॉन्सर्ट क्वायर आणि वृंदसंचालक

कॉन्सर्ट क्वायर म्हणजे पाश्चात्त्य अभिजात संगीतातील स्वरलिपीबद्ध समूहरचना मंचावर सादर करणारा गायकवृंद. प्रार्थनेला साथ देणाऱ्या चर्चमधील वृंदाहून किंवा नाट्यप्रसंगात वावरत गाणाऱ्या ऑपेरातील वृंदाहून तो वेगळा असतो. शब्द धार्मिक असले, तरी इथे श्रोते गाणे ऐकायलाच आलेले असतात. लहान वृंदात वीस-तीस, तर ऑर्केस्ट्राबरोबर, म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदाबरोबर, गाणाऱ्या वृंदात शंभराहून अधिक गायक असतात. सोप्रानो (उंच) आणि आल्टो (खालचा) हे स्त्रियांच्या आवाजांचे, टेनर (उंच) आणि बेस (खालचा) हे पुरुषांच्या आवाजांचे, असे चार मुख्य विभाग असतात. गरजेप्रमाणे प्रत्येकाचे आणखी भाग पडतात.

अशा वृंदांच्या इतिहासात बर्लिनच्या सिंगअकादमी या गायनसंस्थेचे स्थान मोठे आहे. कार्ल फ्रीडरिख ख्रिस्तियान फाश यांनी ती १७९१ मध्ये स्थापन केली. हौशी स्त्री-पुरुष तिथे एकत्र गात. याच वृंदाला घेऊन ११ मार्च १८२९ रोजी वीस वर्षांच्या संगीतकार फेलिक्स मेंडेल्सझोन यांनी जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांचे ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ (येशूच्या यातना आणि मृत्यूची संगीतकथा) सादर केले आणि जवळजवळ विस्मरणात गेलेली ती रचना पुन्हा लोकांसमोर आली. एकोणिसाव्या शतकात युरोपभर गायनमंडळे निघाली. आजही व्यावसायिक ऑर्केस्ट्रासोबत उभ्या राहणाऱ्या कित्येक नामांकित वृंदांचे सदस्य बिनपगारी असतात, दिवसभर नोकरी करून संध्याकाळी तालमीला येणारे. संचालकाचे काम नीट समजायचे, तर ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

वृंदसंचालकाचे खरे कर्तृत्व तालमीत दिसते. मैफलीत त्याचे फळ ऐकू येते. बाखच्या बी मायनर मासचा (ख्रिस्ती उपासनेच्या लॅटिन शब्दांवरील रचनेचा) शेवट ‘दोना नोबिस पाचेम’ (आम्हांला शांती दे) या शब्दांनी होतो. त्यातील ‘नोबिस’चा अखेरचा ‘स’ ऐंशी जणांनी जरा जरी मागेपुढे उच्चारला, तर सभागृहात सापाच्या फुत्कारासारखा आवाज पसरतो. म्हणून तो ‘स’ नेमक्या कोणत्या मात्रेवर पडायचा, हे संचालक ठरवतो आणि गायक ते पेन्सिलीने आपल्या प्रतीवर लिहून घेतात. शब्दारंभीच्या व्यंजनाचे उलट असते. ते मात्रेच्या किंचित आधी उच्चारावे लागते, तरच स्वर ठोक्यावर येतो. अमेरिकन संचालक रॉबर्ट शॉ (१९१६–१९९९) तालमीत गाण्याचे शब्द बाजूला ठेवून हलक्या आवाजात मात्रांचे आकडेच त्या त्या सुरांवर गाऊन घेत. त्याने लय पक्की होते, सुरांतल्या चुका उघड्या पडतात आणि गळाही थकत नाही.

श्वासाचेही नियोजन लागते. एका दमात न मावणारी ओळ अखंड ऐकू यावी, यासाठी शेजारी-शेजारी उभे असलेले गायक एकाच वेळी श्वास घेत नाहीत. ज्याला दम घ्यायचा असेल तो लांब स्वराच्या मध्येच हळूच बाहेर पडतो आणि तितक्याच हळूच परत मिसळतो. वाद्यांची साथ नसेल, तर सूर उतरण्याचा धोका असतो. श्वासाचा आधार सैलावणे, एकच सूर पुन:पुन्हा गाताना तो थोडा थोडा खाली सरकणे, ही त्याची नेहमीची कारणे. यावर उपाय म्हणून संचालक गायकांच्या जागा बदलून पाहतो किंवा तालमीपुरती अख्खी रचना अर्धा स्वर वर चढवतो. हा दुसरा उपाय साधा असला तरी फार गुणकारी आहे.

साथीविना गाणाऱ्या वृंदापुढे पुष्कळ संचालक छडी न घेता मोकळ्या हातांनी संचालन करतात. पहिल्या सुरापूर्वी ते स्वतः जसा श्वास घेतात, तसाच वृंद घेतो. लय, जोर आणि भाव त्या श्वासातच कळलेले असतात. स्वीडनचे एरिक एरिक्सन (१९१८–२०१३) यांनी स्टॉकहोममध्ये लहान वृंदांकडून अशा साथीविना गायनाचा जो नितळपणा साधला, तो जगभरच्या संचालकांना आदर्श वाटला.

ऑर्केस्ट्रासह होणाऱ्या मैफलीत काम बहुधा दोघांत विभागले जाते. वृंदाची महिनोन्‌महिने तयारी करून घेतो तो कोरसमास्टर. अखेरच्या काही तालमी आणि मैफल मुख्य संचालकाच्या हाती असतात. श्रोत्यांना कोरसमास्टर दिसतो तो टाळ्यांच्या वेळी मंचावर बोलावल्यावरच, आणि त्याच्या श्रमांच्या मानाने हे फार थोडे आहे. विल्हेल्म पिट्झ यांच्यासारखे मोजकेच कोरसमास्टर या कामासाठीच ख्यातनाम झाले. १९५१ पासून जर्मनीतील बायरॉइट महोत्सवाच्या (वाग्नरच्या ऑपेरांच्या) वृंदाचा आणि १९५७ पासून लंडनच्या फिलहार्मोनिया कोरसचा आवाज त्यांनी घडवला.