थरथरती फळी आणि हाडांची घनता : पार्श्वभूमी

कंपनाने हाडे भरतात असे डिचोलीच्या एखाद्या जुन्या खनिज-ट्रकचालकाला सांगून बघा, तो कंबरेला हात लावून दाखवेल. त्याचे चुकत नाही. ट्रकच्या सीटमधून येणाऱ्या हादऱ्यांतला 4 ते 8 हर्ट्झचा (सेकंदाला तेवढ्या कंपनांचा) भाग कण्याच्या स्वतःच्या लयीशी जुळतो, आणि तो तासन्‌तास सोसावा लागतो. हाडांची घनता वाढावी म्हणून जिच्यावर उभे राहतात ती उपचाराची फळी मात्र 30 हर्ट्झच्या आसपास, जेमतेम 10-20 मिनिटे थरथरते.

सोव्हिएत अंतराळवीरांची हाडे कंपनाने राखली, ही गोष्ट जाहिरातींत हमखास येते. खरी ओढ लावली ती 2001 मध्ये मेंढ्यांवरच्या प्रयोगाने. मागचे पाय फळीवर, 30 हर्ट्झ, 0.3 जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजलेला कंपनाचा जोर), रोज 20 मिनिटे, आठवड्याचे पाच दिवस. वर्षभरात मांडीच्या हाडातल्या जाळीदार भागाची घनता 34 टक्क्यांनी जास्त भरली. 2004 मध्ये रजोनिवृत्ती झालेल्या 70 स्त्रियांवर 0.2 जी वापरले, तेव्हा एकूण गटात फरक आला नाही. नियमाने उभ्या राहिलेल्या आणि 65 किलोंखालच्या स्त्रियांत तो दिसला. निकाल हाती आल्यावर पाडलेला गट हा, पुरावा म्हणून तोकडाच.

त्याच वर्षी दुसऱ्या चाचणीत, तीव्र कंपनाच्या फळीवर बैठका घालून, सहा महिन्यांत खुब्याची घनता 0.93 टक्के वाढली. एकट्या रुग्णाच्या डेक्सात (हाडांची घनता मोजणाऱ्या क्ष-किरण तपासणीत) एवढा फरक यंत्राच्या चुकीतच विरून जातो.

इथून ‘जी’चा घोळ सुरू होतो. जिममधल्या फळीवर हर्ट्झ आणि मिलिमीटर लिहिलेले असतात, जी नसतो. तो काढावा लागतो: हर्ट्झला 6.28 ने गुणा, वर्ग करा, मधल्या बिंदूपासूनच्या हालचालीने (मीटरमध्ये) गुणा, 9.81 ने भागा. 30 हर्ट्झला 0.3 जीसाठी ही हालचाल 0.08 मिमी पुरते, डोळ्यांना दिसतही नाही. तेच 2 मिमी केले की 7 जी! यंत्रावरचे ‘4 मिमी’ वर-खाली मिळून आहेत की एकाच बाजूचे, हे न विचारता हिशेब केला तर उत्तर दुप्पट चुकते. म्हणजे मेंढ्यांचा आकडा दाखवून विकली जाणारी फळी वीसपटीहून जास्त जोराची असू शकते. मणके आधीच ठिसूळ असतील तर हे धोक्याचे.

उभे राहण्यातही तिढा आहे. ताठ उभे राहिल्यास 25 हर्ट्झच्या वर सुमारे 80 टक्के कंपन खुब्यापर्यंत पोचते. गुडघे 20 अंश वाकवले की 30 टक्के. सौम्य फळीवर गुडघे वाकवले तर उपचारच गळतो, जोरदार फळीवर न वाकवले तर डोके हादरते.

पुढच्या मोठ्या चाचण्यांनी सौम्य कंपनाची बाजू पाडली. 2011 मध्ये 202 स्त्रिया, 30 आणि 90 हर्ट्झ, वर्षभर: घनतेत फरक नाही. 2014 मध्ये 710 स्त्रिया, 18 महिने: घनता तशीच, पण पडण्याचे प्रमाण घटले. माझ्या मते हाच या चाचण्यांतला कामाचा निकाल, आणि त्याचीच चर्चा कमी. 2015 मध्ये सरासरी 82 वयाच्या 174 जणांत दोन वर्षांनीही काही नाही.

जानेवारी 2024 मध्ये अमेरिकी नियामकाने कंबरेला बांधायच्या कंपन-पट्ट्याला मान्यता दिली. तीही डॉक्टरच्या चिठ्ठीवर, रजोनिवृत्तीनंतरच्या ऑस्टिओपेनियासाठी (घनता थोडी घटलेली), ऑस्टिओपोरोसिससाठी (हाडे ठिसूळ झालेली) नव्हे. आठवड्यातून निदान तीनदा पट्टा बांधलेल्यांत मणक्यांची ताकद वर्षात सुमारे 0.5 टक्के घटली, तुलनेसाठी नकली पट्टा दिलेल्यांत 2.8 टक्के. पुन्हा नियमाने वापरणाऱ्यांचाच गट.