वात, सन्नी आणि सुटलेला तास

आमच्या बेळगाव भागात तापातला माणूस बरळायला लागला की घरातली जुनी माणसं म्हणतात, "वात झालाय त्याला." शेजारच्या कन्नड घरात त्यालाच 'सन्नी' म्हणतात. सन्नी हे संस्कृत 'सन्निपाता'चं झिजलेलं रूप. भिंतीला भिंत लागून असलेल्या या दोन घरांनी एकाच आयुर्वेदातून दोन शब्द उचलले. एकाने वात, पित्त, कफ या त्रिदोषांतला एक दोष घेतला, दुसऱ्याने तिन्ही दोष एकदम बिघडण्याचं नाव घेतलं.

सन्निपात म्हणजे एकत्र येऊन कोसळणं. चरकसंहितेत सन्निपातज्वराची लक्षणं दिली आहेत. क्षणात आग, क्षणात थंडी, सांधे आणि डोकं दुखणं, गुंगी, मोह, प्रलाप, भ्रम. वाग्भटाने अष्टांगहृदयात आणखी एक बारकावा टिपला आहे. असा रोगी दिवसा गाढ झोपतो आणि रात्री जागा राहतो, मधेच गातो, हसतो. आज डॉक्टर डिलिरियम, म्हणजे हाच वात, ओळखताना झोपेचं हे उलटं झालेलं चक्र आवर्जून विचारतात. चरकाने असंही लिहिलं आहे की या तापाच्या शेवटी कानाच्या मुळाशी भयंकर सूज येते आणि त्यातून क्वचितच कोणी वाचतो. त्याचं कारण आता कळतं. दिवसेंदिवस पाणी पोटात न गेल्याने तोंड कोरडं पडतं, लाळ आटते आणि तोंडातले जंतू लाळेच्या नळीतून कानापुढच्या ग्रंथीत चढतात. सलाइन नसलेल्या काळात खाटेशेजारी बसून कोणीतरी हे पाहिलं होतं.

ग्रीक वैद्य याच अवस्थेला 'फ्रेनायटिस' म्हणत. 'फ्रेन' म्हणजे छाती आणि पोट यांमधला श्वासाचा पडदा, आणि मनही. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रंथात तापकऱ्याचे हात हवेत काहीतरी पकडू पाहतात, पांघरुणाचे धागे ओढतात, ही वाईट खूण म्हणून नोंदली आहे. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांनाही ही खूण ठाऊक असते. वाकळेचे दोरे ओढायला लागला म्हटलं की घर गप्प होतं.

'डिलिरियम' हा शब्द लॅटिन, आणि तो शेतातला आहे. 'लिरा' म्हणजे नांगराचा तास, नांगराने जमिनीत पडणारी रेघ. 'डि-लिरा' म्हणजे तास सोडून जाणं. पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाच्या वैद्यकग्रंथात तो रोगाच्या वर्णनात आला. येळ्ळूरच्या किंवा खानापूरच्या शेतकऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बैल बुजला, तास सुटला, नांगर भलतीकडे गेला. बैल तोच, नांगर तोच, जमीनही तीच. मला हा शब्द फार आवडतो, कारण त्यात माणूस मोडलेला नाही, फक्त वाट सुटली आहे. 'वेड लागलं' या शब्दांत ही आशा नाही.

तास का सुटतो? 1940च्या दशकात अमेरिकेत रोमानो आणि एंगेल यांनी अशा रोग्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी नोंदल्या. लहरी मंदावल्या होत्या आणि रोगी सुधारला की त्यांची गती परत येत होती. म्हणजे सगळा मेंदूच दमलेला असतो. लक्ष टिकवायला लागणारं असिटिलकोलीन हे रसायन कमी पडतं, हे त्याचं एक कारण मानलं जातं. पडीक रानात उगवणारा धोतरा पोटात गेला की माणूस असाच बरळतो, कारण धोतऱ्यातलं विष याच रसायनाची वाट अडवतं. मुदतीचा ताप, न्यूमोनिया, लघवीतला जंतुसंसर्ग, घसरलेलं सोडियम किंवा साखर, रोजची दारू एकाएकी थांबणं, अशी कारणं अनेक. दारू सोडल्यावर दोन-तीन दिवसांनी होणाऱ्या थरथरीच्या वाताला 1813 साली थॉमस सटन यांनी 'डिलिरियम ट्रेमेन्स' असं नाव दिलं. त्यात जीव जाऊ शकतो, म्हणून ती दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी.

एका बाबतीत मात्र जुना शब्द कमी पडतो. 'वात' म्हटलं की बडबड, झटापट डोळ्यांपुढे येते. म्हाताऱ्या माणसांत याचा गप्प प्रकार खूप दिसतो. आजी काल गप्पा मारत होती, आज नुसती पडून आहे, हाक मारली तर अर्धवट बघते. घरचे म्हणतात, वय झालं, आता असंच. ताप नसला तरीही हा वातच असू शकतो आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा. विसरभोळेपणा महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो. वात मात्र एका दिवसात येतो आणि सकाळ-संध्याकाळ रूप बदलतो.

तपासायची एक साधी रीत आहे. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगायचे, रविवार, शनिवार, शुक्रवार. लक्ष सुटलेला माणूस दोन वारांनंतर अडखळतो. आपल्या सीमाभागात हा प्रश्न कुठल्या भाषेत विचारला जातो, याला फार महत्त्व आहे. जन्मभर मराठीत बोललेल्या आजीला वॉर्डात कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत विचारलं, तर ती शुद्धीत असूनही गोंधळलेली ठरू शकते. कन्नड आजीला मराठीत विचारलं तरी तेच. अशा वेळी घरातल्या कोणीतरी खाटेपाशी जावं, तिचा चष्मा तिला घालावा, कानाशी वाकून तिच्याच बोलीत विचारावं, "आज वार कुठला गं, आज्जी?"