फाइल सर्व्हरवरील लेखन : वेग आणि डेटाची सुरक्षितता

कार्यालयातले सगळे संगणक ज्या एका यंत्रावर आपल्या फाइली ठेवतात तो फाइल सर्व्हर. फाइल सेव्ह केली की हा सर्व्हर समोरच्या संगणकाला पोच देतो. मजकूर डिस्कवर उतरल्यावर पोच द्यायची की वीज जाताच पुसल्या जाणाऱ्या मेमरीत नुसता आल्याबरोबर द्यायची, यावर सर्व्हरचा वेग आणि डेटाची सुरक्षितता ठरते. पहिली पद्धत समकालिक लेखनाची, दुसरी असमकालिक. व्यवहारात त्यांना सिंक आणि असिंक म्हणतात. कोकण किनाऱ्यावर याला वेगळंच वजन आहे. हापूसची सगळ्यात जास्त बिलं एप्रिल-मेमध्ये फाटतात. नेमका तेव्हाच वळवाचा पाऊस येतो, माडाची झावळी तारेवर पडते आणि लाइट जाते.

सिंक संथ का, हे डिस्कच्या फिरण्यावरून कळतं. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यासाठी सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. छोटी फाइल तयार करताना डिस्कसाठी तीनदा थांबावं लागलं आणि दर वेळी एक फेरा गेला, तर १,००० फाइलींना २५ सेकंद जातात. असिंकमध्ये हेच काम डोळ्याचं पातं लवायच्या आत आटोपल्यासारखं दिसतं. लग्नाच्या व्हिडिओसारखी एकच मोठी फाइल चढवताना मात्र फारसा फरक जाणवत नाही, कारण तिथे थांबे मोजकेच असतात.

दुसऱ्या यंत्रावरच्या फाइली जाळ्यातून वापरण्याची एनएफएस ही पद्धत सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणली. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक तुकडा पक्का लिहून झाल्याशिवाय पोच द्यायची नाही, असा नियम होता. तुकडा जास्तीत जास्त ८ किलोबाइटचा. फेऱ्यामागे एक तुकडा धरला तर सेकंदाला जेमतेम १ मेगाबाइट उतरतो. १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीने यावर सुंदर तोड काढली. सर्व्हर आधी कच्ची पोच देतो आणि तिच्यासोबत एक खूणक्रमांक पाठवतो. संगणक आपल्याकडची प्रत टाकून देत नाही. शेवटी तो ‘पक्कं कर’ असं सांगतो, त्यावर पक्की पोच मिळाली की मगच प्रत सोडतो. मध्येच सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला तर खूणक्रमांक बदललेला असतो. संगणक ते ओळखतो आणि सगळं पुन्हा पाठवतो. वेग आणि सुरक्षितता दोन्ही साधणारी ही रचना आहे.

सर्व्हरवर असिंक चालू केलं की हीच रचना मोडते. मजकूर मेमरीतच असताना सर्व्हर पक्की पोच देऊन मोकळा होतो. समजा, देवगडातल्या एका पॅकिंग शेडमध्ये पाच डझनी पेट्यांचं ४१२ नंबरचं बिल झालं, छापलं आणि ट्रकबरोबर वाशीला गेलं. दहा सेकंदांनी लाइट गेली. बिल करणारीचा लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहिला, पण पोच मिळाल्यामुळे त्याने आपली प्रत सोडून दिलेली होती. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत बदललेला मजकूर मेमरीत ३० सेकंदांपर्यंत राहू शकतो. हे बिलही तिथेच होतं. लाइट आल्यावर प्रोग्राम पुढच्या गिऱ्हाइकाला पुन्हा ४१२ नंबर देतो. नुकसान तेवढ्या सेकंदांपुरतंही राहत नाही. मेमरीतला मजकूर आला त्याच क्रमाने डिस्कवर उतरेल असं नाही, त्यामुळे इंडेक्स नवा आणि नोंदी जुन्या अशी फाइल उरू शकते. लिनक्सच्या एनएफएस साधनसंचात १.०.० आवृत्तीपर्यंत असिंक हा मूळ पर्याय होता, म्हणूनच तो पुढे बदलून सिंक केला गेला. विंडोजच्या संगणकांना फाइली पुरवणाऱ्या साम्बानेही २०१७ च्या ४.७ आवृत्तीपासून ‘डिस्कवर उतरव’ ही विनंती मूळ मांडणीतच पाळायला सुरुवात केली. वेग वाढवण्यासाठी हे पर्याय उलटे फिरवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तात्पुरत्या, पुन्हा तयार करता येणाऱ्या फाइलींसाठी तो ठीक आहे. हिशेब, रुग्णांचे कागद, जमिनीचे नकाशे यांच्यासाठी तो घातक आहे.

वेग हवाच असेल तर तो यंत्रसामग्रीतून मिळवावा. काही एसएसडींमध्ये, म्हणजे न फिरणाऱ्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, थोडी वीज साठवणारे कपॅसिटर असतात. वीज गेल्यावर हातातलं लेखन पुरं करण्याइतकी ऊर्जा ते देतात, त्यामुळे अशी एसएसडी झटपट पोच देते आणि ती पोच खरी असते. झेडएफएस या फाइली साठवण्याच्या प्रणालीत सिंक लेखनाची नोंदवही अशा छोट्या एसएसडीवर वेगळी ठेवता येते. तिला जागाही फार लागत नाही, कारण झेडएफएस साधारण दर ५ सेकंदांनी मजकूर मुख्य डिस्कवर उतरवतं आणि १ गिगाबिटच्या जाळ्यातून ५ सेकंदांत ६२५ मेगाबाइटपेक्षा जास्त येऊच शकत नाही. अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या रेड कंट्रोलरच्या बॅटरीवरही हेच काम भागतं, मात्र ती बॅटरी वेळच्या वेळी बदलायला हवी.

यूपीएस आहे म्हणून असिंक चालेल, हा समज धोक्याचा आहे. खाऱ्या हवेने कनेक्टर गंजतात, सर्व्हरचा पॉवर सप्लाय जळतो, सॉफ्टवेअर अडकतं. यांतल्या कशावरही यूपीएसचा इलाज नाही. घरगुती इन्व्हर्टर बॅटरीवर जाताना क्षणभर खंड पडतो आणि तेवढ्यानेही सर्व्हर रीस्टार्ट होऊ शकतो. यूपीएस असतो तिथेही त्याची यूएसबी तार पुष्कळदा खोक्यातच राहिलेली असते. ती सर्व्हरला जोडून एनयूटीसारखा मोफत प्रोग्राम बसवला, तर बॅटरी संपत आल्यावर सर्व्हर स्वतःहून नीट बंद होतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली पट्ट्यातल्या कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. एवढ्या काळापुढे काही मिनिटांचा यूपीएस सर्व्हर नीट बंद करण्याएवढंच करू शकतो.

सिंक लेखन म्हणजे बॅकअप नव्हे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या यंत्रासाठी सिंक की असिंक हा प्रश्नच उरला नव्हता. रोजची एक प्रत वरच्या मजल्यावर आणि दुसरी गावाबाहेर, शक्यतो घाटावर, ठेवावी लागते. त्या प्रतीतून एखादी फाइल परत आणून बघण्याचं काम पावसाळ्याआधी, मे महिन्यातच उरकलेलं बरं.