परक्या भाषेतलं दुखणं

नॉर्वेमधल्या 18 शुश्रूषा केंद्रांत झालेला एक प्रयोग 2011 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला. डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश झालेले, सतत अस्वस्थ असणारे 352 वृद्ध त्यात होते. काही केंद्रांत आठ आठवडे ठरावीक क्रमाने वेदनाशामकं दिली गेली, बहुतेकांना साधं पॅरासिटामॉल. या लोकांची अस्वस्थता सरासरी 17 टक्क्यांनी उतरली. 'म्हातारा फार त्रास देतो' असं ज्यांच्याबद्दल म्हटलं जात होतं, त्यांतल्या काहींचा नुसता गुडघा किंवा कंबर दुखत होती, आणि ते त्यांना सांगता येत नव्हतं.

ही गत बहुतांशी आपल्याच देशात राहिलेल्या माणसांची. आयुष्यभर परदेशात राबून तिथल्याच नर्सिंग होममध्ये पोहोचलेल्या स्थलांतरितांचं काय होत असेल? (आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटं खासगी हॉस्पिटल, तिकडे ते वृद्धांनी अनेकदा अखेरपर्यंत राहण्याचं ठिकाण असतं.)

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्युल रिबो याने 1881 मध्ये मांडलं होतं, की स्मृती ढासळते तेव्हा नव्या आठवणी आधी जातात, जुन्या मागाहून. त्यावरून 'शेवटी मातृभाषाच उरते' असा सरसकट समज झाला आहे, पण तो अर्धाच खरा. चाचण्या घेतल्या तर मातृभाषा आणि नंतर शिकलेली, अशा दोन्ही भाषांची पडझड दिसते. आधी बिघडू शकतो तो भाषा निवडणारा लगाम. समोरच्याला कोणती भाषा कळते हे ओळखून दुसरी दाबून ठेवायचं काम मेंदूचा पुढचा भाग करतो. तो थकला, की इंग्रजीशिवाय काही न समजणाऱ्या नर्सशी आजी खुशाल मराठीत बोलू लागतात आणि ती उत्तर देत नाही म्हणून रागावतात. कागदावर मात्र नोंद होते ती 'असंबद्ध बडबड, आक्रमक' अशी. पुढची पायरी बऱ्याचदा अँटिसायकोटिक, म्हणजे तीव्र मानसिक आजारांवरच्या, गोळ्यांची. डिमेन्शियाच्या रुग्णांमध्ये या गोळ्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्येच दिला होता.

स्वीडनमध्ये 1990च्या दशकाच्या सुरुवातीला फिनलंडहून आलेल्या डिमेन्शियाग्रस्तांवर संशोधन झालं. परिचारिकेला फिनिश येत असेल, तर तोच रुग्ण अधिक क्षमतेने वागत होता. फक्त स्वीडिश येणाऱ्या परिचारिकेसमोर ती क्षमता झाकलेलीच राहत होती. म्हणजे आजार किती पुढे गेलाय याचा आपला अंदाजसुद्धा समोर कोण बसलंय यावर ठरतो.

निदानाच्या चाचण्यांचंही तेच. 1975ची प्रसिद्ध 'मिनी मेंटल' चाचणी शंभरातून सात-सात वजा करायला लावते, लिहिलेलं वाचायला लावते. न शिकलेल्या माणसाचे गुण तिथेच घसरतात. हरयाणातल्या बल्लभगढमधल्या ग्रामीण वृद्धांसाठी 1995 मध्ये तिचं हिंदी रूप तयार झालं, तेव्हा 'डोळे मिटा' हे वाक्य वाचायला देण्याऐवजी 'मी करतो तसं करा' म्हणून डोळे मिटून दाखवायचं ठरलं. छोटा बदल, पण मला तो फार शहाणपणाचा वाटतो. पुढे 2004 मध्ये सिडनीत स्थलांतरितांचा विचार करून 'रुडास' ही चाचणी आली. तिच्यात चहा, तेल, अंडी, साबण अशी वाण्याची यादी लक्षात ठेवायची असते.

टोरांटोत डॉ. जोसेफ वाँग यांच्या पुढाकाराने 1994 मध्ये 'यी हाँग' हे केंद्र चिनी वृद्धांसाठी सुरू झालं. कँटोनीज बोलणारे कर्मचारी, जेवणात काँजी, म्हणजे तांदळाची पेज. तिथे जागा मिळवण्यासाठी लोक वर्षानुवर्षं रांगेत असतात. चिनी वस्ती मोठी आणि एकवटलेली, म्हणून हे जमलं. अमेरिकेच्या 1965च्या स्थलांतर कायद्यानंतर तिकडे गेलेली मराठी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे, पण विखुरलेली. शाकाहारी स्वयंपाक आणि हिंदी-गुजराती बोलणारं कोणी मिळालं, तरी नशीब म्हणायचं.

खर्चाचं वेगळंच. अमेरिकेत मेडिकेअर हा वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा हॉस्पिटलनंतरच्या शुश्रूषेचा खर्च जास्तीत जास्त 100 दिवस उचलतो, तोही सगळा नाही. कायमच्या मुक्कामासाठी स्वतःचा खिसा, नाहीतर गरिबांसाठीचं मेडिकेड. 1996च्या कायद्याने ग्रीन कार्डवाल्यांना मेडिकेडसाठी साधारणपणे पाच वर्षं थांबायला लावलं. मुलांनी उतारवयात बोलावून घेतलेले आईवडील नेमके इथे अडकतात.

फोनवरचा दुभाषा असतो, पण डिमेन्शिया झालेल्या माणसाला डब्यातून येणारा आवाज कोणाचा हेच उमगत नाही. आणि अंघोळ घालणारी, कूस बदलणारी बाईही बरेचदा फिलिपिन्स नाहीतर हैतीहून आलेली असते. इंग्रजी तिचीही उसनीच. तिच्यासाठी 'दुखतंय', 'पाणी', 'लघवीला' हे शब्द रोमन अक्षरांत लिहून पलंगाशी चिकटवून ठेवणाऱ्या मुली आहेत. रात्रपाळीला त्याचा उपयोग होतो, कारण तेव्हा घरचं कोणी नसतं.